कोनती पावडर?

पांढुर्ण्यात ज्या माणसाशी माझं पहिलं धड बोलणं झालं, त्यानं मला फिनेल चाटायला सांगितलं होतं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. लग्न होऊन मी कऱ्हाडकडची थेट मध्य प्रदेशात येऊन पडले होते. आमचे हे रेल्वेत पॉइंट्समन, गाडीसाठी रूळ बदलणारे. ड्यूटी कधी पांढुर्ण्याला, कधी तिगावला. माझी शाळा सातवीतच सुटलेली. हिंदी येत नव्हती, आणि तिथली मराठी माझीच भाषा असून मला कळत नव्हती. शेजारीण कुंपणावरून विचारायची, ‘काय करून राहिल्या?’ मला वाटायचं, कुठे राहता असं विचारतेय. मी क्वार्टरचा नंबर सांगायचे. ती हसत आत जायची आणि मी दिवसभर विचार करत बसायचे, की आपलं काय चुकलं.

सोबतीला एक मांजर होती. आधीच्या बिऱ्हाडानं मागे सोडलेली. तिचं नाव मी चिमी ठेवलं. तिच्या कानांच्या कडांवर आधी राखेसारखा कोंडा आला, मग डोक्यावरचे केस गेले, मग कपाळाची कातडी जाड होऊन सुरकुतली. पायानं खाजवून खाजवून ती रक्त काढायची. शेजारणीनं सांगितलं, ‘फिनेल लावून द्या, दोन दिवसात साफ.’ म्हणून मी मागच्या ओट्यावर चिमीला गुडघ्यांत धरून बसले होते. कटोरीत फिनेल आणि पाणी, दुधासारखं पांढरं. कापसाचा बोळा बुडवला, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

“थांबा बाई. ते आधी तुमी चाटा.”

सायकल धरून एक काळासावळा उंच माणूस उभा होता. खाकी अर्धी बाही, डोक्याला रुमाल. मला वाटलं, वेडा असावा.

“पाहून काय राहिल्या? मांजरीले लावून राहिल्या न? मंग ते काय करन? चाटन. बसल्या बसल्या सगळं चाटून काढन. म्हून म्हनतो, आधी तुमी चाटा. तुमाले पचलं तं तिले लावा.”

मी कटोरी खाली ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फिनेलच्या वासानं आलं, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. खरं तर ते कोणीतरी रागावलं म्हणून आलं होतं. तीन महिन्यांत मला रागावण्याइतकं जवळ कोणी आलंच नव्हतं.

ते बागडेकाकाजी. गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर. जखमा धुणं, पट्टी बांधणं, बैलाला दावणीत धरून ठेवणं, लस टोचायच्या वेळी पेटी उचलणं, हे त्यांचं काम. क्वार्टरांच्या मागच्या गल्लीत बौद्धांची आठदहा घरं होती, त्यातलं एक त्यांचं. दवाखान्याच्या रजिस्टरात गाय, बैल, म्हैस, बकरी यांचे रकाने होते. मांजरीचा नव्हता. म्हणून मांजरी त्यांच्या घरी यायच्या, टोपलीत, पिशवीत, लुगड्याच्या ओच्यात. दवाखान्यातले लोक त्यांना ‘मांजरीचे डॉक्टर’ म्हणून चिडवायचे. काकाजी म्हणायचे, “डॉक्टर कायचा, पट्टीवाला आहो मी. डॉक्टरची चूक झाली तं कागदावर राहते. पट्टीवाल्याची त्याच्याजवळच राहते.” हे ते हसत म्हणायचे, म्हणून मीही हसायचे.

चिमीला त्यांनी त्याच दिवशी हातात घेतलं. आधी तिचं पोट उलटं करून खालून पाहिलं. बोटानं आचळ चाचपले. मी म्हटलं, “कानाला झालंय हो.” ते म्हणाले, “पिल्लं नाही न हिले?” नाही म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला. मग तिला उन्हाकडे धरून कानाची कड पाहिली आणि म्हणाले, “खरूज आहे. आतमध्ये किडा राहते, डोळ्याले न दिसनारा. कानापासून सुरू होते अन् तोंडावर येते. मरत नाही याच्यानं. लोकाईच्या औषधानं मरते.”

त्यांचं औषध म्हणजे खोबरेलात कालवलेलं गंधक. एवढंसं. जुन्या कोटाची एक कापलेली बाही त्यांच्याकडे होती. तीत मांजर घालायची, फक्त डोकं बाहेर. बोटाच्या टोकानं औषध चोळायचं आणि ते मुरेपर्यंत मांजर मांडीवरून सोडायची नाही. अर्धा तास, पाऊण तास. “औषध लावनं सोपं आहे हो. बसनं कठीण.” मग पुठ्ठ्याची एक चकती मधोमध कापून तिच्या गळ्यात घालायची, म्हणजे तोंड अंगाकडे वळत नाही. चिमी त्या पुठ्ठ्यात एखाद्या रागावलेल्या सूर्यफुलासारखी दिसायची. वर मला काम लावलं. तिचं झोपायचं पोतं जाळा, तुमची गोधडी उकळा, बाजलं उन्हात टाका. “मांजरीची खरूज अर्धीच मांजरीवर असते. अर्धी तुमच्या घरात झोपून असते.” महिन्याभरात चिमीच्या कपाळावर मऊ लव आली. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले, तर ते असे मागे सरकले, की जणू विस्तव पडला पायावर. “ते नाही करायचं,” म्हणाले. “मले ते सहन होत नाही.”

पुढे मी त्यांच्या घरी जायला लागले. काकू पोळ्या करायच्या, मी लाटून द्यायचे. घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कोनाड्यात औषधाच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. नुसतं नाव नाही. ‘हे बैलाचं. मांजरीले नाही.’ ‘हे कोणालेच नाही.’ सकाळी दोघं वंदना म्हणायचे. काकू एकदा मला हळूच म्हणाल्या, “याईचा आवाज ऐकजो. पहिलं शील मोठ्यानं म्हनत नाहीत. दुसऱ्यापासून आवाज निघते.” पहिलं शील म्हणजे जिवाची हत्या न करण्याचं. मला तेव्हा वाटलं, घसा बसत असेल. अजून एक चमत्कारिक गोष्ट होती. चुलीवर भात शिजताना पातेल्यावरचं झाकण थरथरायला लागलं, की ते असतील तिथून उठून यायचे आणि झाकण काढून ठेवायचे. काकू चिडायच्या, “भात कच्चा राहते न!” ते झाकण पुन्हा ठेवायचे नाहीत.

मांजर घेऊन कोणी आलं, की त्यांचं विचारणं मांजरीपासून कधीच सुरू व्हायचं नाही. कुठे झोपते, काय खाते, घरात अजून कोणाला खाज आहे का, इथून सुरुवात. एक बाई पिल्लू घेऊन आली होती. पिल्लाच्या पायावर रुपयाएवढं गोल टक्कल. कडेवर दोन वर्षांचं पोर. काकाजींनी पिल्लाकडे पाहिलंच नाही, सरळ पोराची कॉलर मागे ओढून मान पाहिली.

बाई भडकली. “मांजर दाखवायले आनली, पोट्ट्याची मान काऊन पाहता?”

“कारन मांजरीनं तिथं लिहून ठेवलं आहे. हे पाहा.”

मानेवर गोल लाल चट्टा होता, मधे साफ, कडेला पुरळ.

“हे तं उष्णतेचं आहे.”

“उष्णता कंपासपेटी घेऊन येते का वो, येवढा गोल काढायले? नायटा आहे. मांजरीचा पोराले, पोराचा तुमाले. आता बाह्या वर करा.”

बाईनं बाह्या वर केल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन मुकाट्यानं आली.

एका सेठच्या सरकीच्या गोदामात उंदरांसाठी सात मांजरी होत्या; काकाजींबरोबर मीही तिथे गेले होते. सातही मांजरींच्या पाठी शेपटीजवळ उघड्या पडलेल्या. सेठचं म्हणणं, सरकी गरम असते, त्याची गरमी अंगात गेली. काकाजींनी पांढरं फडकं ओलं केलं, एकीच्या पाठीवरून दाट दातांची फणी फिरवली आणि फणीतला काळा चुरा फडक्यावर झटकला. “हे काय आहे सेठ?” “कचरा.” “थांबा मंग.” आम्ही पाहत उभे. थोड्या वेळात त्या काळ्या कणांभोवती फडकं तांबडं व्हायला लागलं. “तुमच्या मांजरीचं रक्त आहे. पिसवाईनं पेऊन बाहेर टाकलेलं. सरकी रक्त पेते का?” सेठ म्हणाले, “मग पावडर मारून घेतो सगळ्या गोदामात.”

काकाजींचा चेहरा एकदम बदलला. “कोनती पावडर?”

“पावडर म्हणजे… पावडर.”

“डबा आना.”

“अहो, ती आपली नेहमीची…”

“डबा आना म्हनतो न!”

सेठला असं ओरडून कोणी बोलत नसावं. नोकर धावत डबा घेऊन आला. काकाजींनी डोळ्यांजवळ नेऊन अक्षर न् अक्षर वाचलं, झाकण घट्ट केलं आणि म्हणाले, “हे कापसाच्या किडीची आहे. हे मारली तं उंदरं राहतीन, मांजरी जातीन.” नंतर सगळं गोदाम झाडून, पोती उन्हात घालून, मांजरींना रोज फणी करून ते काम झालं. पण येताना सायकल हातात धरून ते स्टेशनपर्यंत चालतच आले. बसले नाहीत. मी मागे होते.

थंडीत त्यांच्याकडे संत्र्याची टोपली यायची. मोहगावच्या बाजूचा एक तरुण शेतकरी ती खांद्यावर घेऊन यायचा, ओट्यावर ठेवायचा, “आजानं पाठवली, डॉक्टरसाहेबाले सांगा,” म्हणायचा, चहा घेऊन जायचा. पातळ सालीची, गोड, एकेक निवडून घेतलेली फळं. काकाजी ती सगळी टोपली क्वार्टरांत वाटून टाकायचे. स्वतः एक फोड तोंडात घालायचे नाहीत. “मले आंबट बाधते.” मी म्हटलं, “पण ही गोड आहेत.” काकूंनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

त्यातलं काय काय एकमेकांना जोडलेलं होतं, ते मला दोन वर्षांनी उन्हाळ्यात कळलं.

बाजल्यात ढेकूण झाले होते. आमच्या ह्यांनी कुठूनतरी पावडर आणली, गादीखाली भुरभुरली आणि ड्यूटीवर गेले. मला सांगायचं राहिलं. दुपारी चिमी त्या बाजल्याखाली झोपली आणि उठून अंग चाटत बसली. मी भांडी घासत होते. आत आले तर ती एका कुशीवर पडलेली. तोंडातून लाळ, आणि सगळं अंग बारीक बारीक थरथरत होतं. मी अनवाणी पळत गेले.

काकाजी जेवत होते. तसेच उष्ट्या हातानं उठले. आमच्या घरात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी विचारलं, “डबा कुठी आहे?” डबा पाहिला. कोमट पाणी करायला लावलं, अंगाचा साबण मागितला आणि चिमीला बादलीत धरून धुवायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. पाठ, पोट, पंजे, बोटांच्या मधलं. पाणी निवळ आलं तरी थांबेनात. दोन वर्षांत मी त्यांना एवढ्या धसक्यानं काम करताना कधी पाहिलं नव्हतं. तिला टॉवेलात गुंडाळून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, आणि आम्ही ओट्यावर बसलो. बाहेर ऊन असं, की रूळ वितळतील. तिथे ते बोलले.

“सौसरच्या दवाखान्यात होतो मी तवा. मोहगावच्या बाजूले एका घरी बैलाच्या खांद्याची पट्टी करायले जात होतो. मोठं घर. कापूस, संत्र्याचा बगीचा. बैल आंगनात, मीही आंगनात. आमचं काम आंगनातच असते सूनबाई, आत कोन बोलावते?” हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. घराचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. “त्या घरची नात होती, नऊ वर्षाची. मांजर घेऊन आली. कान असेच, तुमच्या चिमीसारखे. म्हने, काकाजी, हिलेही औषध द्या न. मी घाईत. मांगच्या हप्त्यात बैलासाठी मी पुडी देल्ली होती, गंधकाची. म्हनलं, घरी पावडर आहे न, ते लावून दे चिमूटभर. पोरीनं आतमध्ये आवाज देल्ला, आजी, पावडर आहे का वो? आतून आवाज आला, हाव, कोपऱ्यात डबा आहे. मी पट्टी बांधून चालला गेलो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“कापसाच्या घरात पावडर म्हनलं तं कोनती पावडर, सांगा बरं?”

मला सांगावं लागलं नाही.

“मी माह्या पुडीचं बोलून राहिलो होतो, घर त्याच्या डब्याचं. मधात एक उंबरठा होता, बस. हप्त्यानं गेलो, तं म्हातारा म्हने, डॉक्टरसाहेब, मांजर गेली. तिची तीन पिल्लं होती, तेही गेली. थरथरत थरथरत गेली. पोरीनं डबाभर पावडर लावली, तरी नाही वाचली. तुमी तं सांगतलं होतं, रोगच पुढं गेला होता.” त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. “मले तिथंच समजलं. पन मी बोललो नाही.”

“नोकरीची भीती?”

“नाही वो. त्या घरात मले डॉक्टर म्हनत होते. आंगनात का होईना, माह्यासाठी खाट टाकत होते. आमच्यासाठी खाट टाकनारं ते एकच घर होतं त्या गावात.” मग म्हणाले, “मांजर दिसत नाही मले. पिल्लं दिसतात. मी तं पाहिलीही नव्हती. त्या दिवशी मांजरीचं पोट पाहिलं असतं, तं कळलं असतं न, की हिले पिल्लं आहेत?”

चिमी वाचली. संध्याकाळी तिनं डोकं उचललं, दुसऱ्या दिवशी दूध प्याली. मी आयुष्यात कोणाची एवढी ऋणी नव्हते, आणि त्या माणसाकडे पाहताना मला भीतीही कधी एवढी वाटली नव्हती. मी म्हटलं, “सांगून टाका ना त्यांना.” ते म्हणाले, “आता काय सांगू? ते तं मले मानतात.” त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. पण भाताचं झाकण थरथरलं, की आता मीही उठायला लागले.

पुढच्या थंडीत टोपली घेऊन तो तरुण आला, तो बसलाच नाही. काकूंनी विचारलं, काय झालं. त्याची बहीण, तीच ती नात. तिला मी इथे कुंदा म्हणते, हे तिचं नाव नाही. सौसरला दिली होती. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. सासरच्यांनी कोणा जाणत्याला विचारलं. त्यानं विचारलं, हिच्या हातून लहानपणी मांजर मेली का? कुंदा भोळी. हो म्हणाली. मांजर, आणि तीन पिल्लं.

“आता सासू म्हनते, सोन्याची मांजर करून काशीले दान करा, तवाच पोरगी नांदवू. नाहीतर घेऊन जा. अन् जवाईबापूसाठी दुसरी पोरगी पाहून राहिले ते.” तो टोपलीकडे पाहत म्हणाला, “माही बहीन पानी पेत असली तरी सासू म्हनते, पाहा, मांजर मारनारी पानी पेते.”

तो गेल्यावर काकाजी टोपलीपाशी बसून राहिले. त्या दिवशी संत्री वाटली नाहीत. मला म्हणाले, “माह्या बापानं छप्पन साली घरचे सगळे देव जाम नदीत सोडले. मी होतो संगं. पाप सोडलं, पुन्य सोडलं, काशी सोडली. अन् आता त्या काशीचं लोढनं एका पोरीच्या गळ्यात. अन् ते मी बांधलेलं.” मग उठले. “सूनबाई, उद्या माह्यासंगं सौसरले चलान का? एकट्या मानसाले दारातूनच लावून देतीन. बाईमानूस सोबत असलं तं ऐकून तरी घेतीन.”

आमच्या ह्यांना विचारायलाही मला धीर नव्हता, पण विचारलं. ते म्हणाले, “जा. त्यांनी चिमी वाचवली.”

सकाळच्या बसनं गेलो. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. रस्ताभर दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसले होते.

कुंदाचं सासर बाजाराच्या मागच्या बाजूला. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या. सासूनं आम्हाला पाहिलं, मला आत बोलावलं, त्यांच्यासाठी अंगणात खुर्ची टाकायला सांगितली. मी आत गेले नाही. ते बसले नाहीत.

“बाई, तुमच्या सुनेच्या हातून मांजर मेली नाही,” ते म्हणाले. “माह्या तोंडून मेली.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. पुडी, डबा, आतून आलेला आवाज. दारात कुंदा येऊन उभी राहिली. तिच्या मागे तिचा नवरा.

सासू म्हणाली, “पन लावली तं हिनंच न?”

“नऊ वर्षाची होती ते. तिले डब्यावरचं वाचता येत नव्हतं. मले येत होतं. मी पाहिलं नाही.”

“मंग काशीले तुमी जाता का?”

“मी ते मानत नाही बाई. पन तुमी म्हनान तं जाईन. पाप असन, तं माहं आहे. पोरीचं नाही.”

सासू भांडायच्या तयारीनं उभी होती आणि समोरचा माणूस भांडतच नव्हता. तिनं मुलाकडे पाहिलं. तो खाली मान घालून म्हणाला, “झालं न माय आता. सोड.”

तेव्हा कुंदा पुढे आली. एवढी सडपातळ, की पदर खांद्यावर ठरत नव्हता. रडत नव्हती. रागानं तिचा आवाज फुटत होता.

“काकाजी, टोपली मीच भरत होती. लग्न झाल्यावरही, हंगामाले माहेरी गेली की मीच भरत होती. एकेक फळ पाहून पाहून. म्हनत होती, ह्या मानसानं माह्या मांजरीसाठी येवढं केलं, अन् मीच मारली तिले. अन् तुमी टोपली घेत होते!”

काकाजींनी मान खाली घातली. शेंगांवर एक चिमणी उतरली, कोणी हाकलली नाही.

मग कुंदा हळू आवाजात म्हणाली, “एक सांगा. पावडर लावल्यावर मी पिल्लं तिच्याजवळ ठेवली होती. तिले बरं वाटन म्हून. मी वेगळी ठेवली असती, तं वाचली असती का?”

ते लगेच बोलले. विचार करायला थांबलेसुद्धा नाहीत. “नाही पोरी. नसती वाचली. त्याईच्या पोटात पहिलेच गेलं होतं. तू काहीही केलं असतं तरी नसती वाचली.”

कुंदानं दाराची चौकट धरली आणि खाली बसली. मग मात्र ती रडली. अशी, की सासूनंच पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ठेवल्यावर, आपण हे काय केलं, अशा चेहऱ्यानं आमच्याकडे पाहिलं.

कुंदाचा नवरा आम्हाला बाजारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, “दुसरीचं सोडा, ते मी होऊ देनार नाही. पहिलेही देनार नव्हतो. पन मले बोलायले जागा नव्हती.” आणि वळून गेला.

स्टँडवर आलो. पांढुर्ण्याची बस लागलेली होती, मोहगावची समोर उभी होती. काकाजी म्हणाले, तुम्ही जा, मी मोहगावले जाऊन म्हाताऱ्याले सांगून येतो, आता अर्ध्यात कायले सोडायचं.

मला गप्प बसवेना. “काकाजी, खरंच नसती वाचली?”

त्यांनी एकदा मोहगावच्या बसकडे पाहिलं.

“वाचली असती. तिन्ही. वेगळी काढून बोळ्यानं दूध पाजलं असतं, तं तिन्ही वाचली असती.” मग म्हणाले, “एक खरं सांगायले आलो होतो, एक खोटं सांगून चाललो. आता हे तुमाले माहीत आहे अन् मले.”

मोहगावच्या बसचा कंडक्टर ओरडायला लागला. ते गेले.

मोहगावहून काकाजी परस्पर कुठल्याशा खेड्यात लस टोचायच्या कॅम्पला गेले, आणि त्याच आठवड्यात आमची बदली झाली, भुसावळकडे. निरोप घ्यायला गेले तेव्हा ते अजून त्या कॅम्पलाच होते. काकूंना नमस्कार करून, चिमीला टोपलीत घालून आम्ही निघालो. पुन्हा त्या बाजूला जाणं झालं नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं म्हणून आहे ते सौसरच्या स्टँडवरचं.

त्यांची बस आधी हलली. माझ्या खिडकीसमोरून जाताना ते मागच्या सीटवरून वाकले, खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि हातानं काहीतरी खूण करत मोठ्यानं ओरडले. दोन्ही बसची इंजिनं चालू होती. त्यांचे ओठ मला दिसले. ‘सांगू नका’ म्हणाले, की ‘सांगून टाका’, ते मला ऐकू आलं नाही. विचारायला मी उठले, तोवर धूळ मधे आली होती. मी मात्र तिकडे पाहून मान हलवली होती, सगळं समजल्यासारखी.